साक्षीदाराची खुर्ची

राऊतकाका गेले त्याला आता पाच महिने होतील. त्यांच्याविषयी लिहायला घेतलं की चेहऱ्याच्या आधी त्यांचा उजवा हात डोळ्यांसमोर येतो. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. तिकिटांना भोकं पाडायचा चिमटा निवृत्तीच्या दिवशी डहाणू डेपोत जमा केला, पण हाताला ते कुणी कळवलं नसावं. विचारात असले की अंगठा आणि बोटं आपोआप मिटत, उघडत. तो हात एकदम थांबला की समजायचं, काका आता काहीतरी विचारणार. आणि त्यांच्या विचारण्याची आम्हाला धास्ती वाटे.

मी ज्या उपचार केंद्रात काम करत होते तिथे कॅन्सर आणि मधुमेहाचे रुग्ण येत. इमारतीच्या मागच्या बाजूला क्लिनिकल रिसर्चच्या दोन खोल्या होत्या, दोन आजारांसाठी दोन. तिथे नव्या औषधांच्या चाचण्या चालत. औषध बाजारात येण्याआधी ते काही रुग्णांना द्यायचं, त्यांच्यावर बारीक लक्ष ठेवायचं आणि फायदा किती, अपाय किती हे लिहून ठेवायचं, असं ते काम. मी तिथे समन्वयक होते. तारखा, फोन आणि कागद माझ्याकडे. मला माणसांपेक्षा कागद सोपे वाटत.

चाचणीत येणाऱ्या रुग्णाची लेखी संमती लागते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी एक साक्षीदार लागतो. तो केंद्राचा नको, औषध कंपनीचा नको, रुग्णाच्या नात्यातला नको. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं, रुग्णाला ते समजलं आणि तो आपल्या मनाने हो म्हणाला, एवढ्यासाठी त्याची सही. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात असा रिकामा माणूस दर आठवड्याला आणायचा कुठून? २०१४ साली काका स्वतःची साखर तपासायला केंद्रात येत. नरपडला चिकूची लहानशी वाडी, बायको आधीच गेलेली, मुलगा वापीला नोकरीत. सगळं आयुष्य तलासरी, उधवा, चिंचणी, बोर्डी या गाड्यांवर गेल्यामुळे मराठी, गुजराती आणि वारली त्यांना सारखीच येई. डॉक्टरांनी विचारलं, "काका, आमचे साक्षीदार व्हाल?"

काकांनी आधी नियम वाचायला मागितले. घरी नेले, दोन दिवस ठेवून घेतले. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "येतो. पण तुमचा साक्षीदार म्हणून नाही. नुसता साक्षीदार."

खिडकीजवळची खुर्ची त्यांची झाली. संमतीच्या वेळी कॅमेरा लावायचा नियम होता. डॉक्टर समजावून सांगत तोवर काका गप्प. हात मिटतोय, उघडतोय. डॉक्टरांचं झालं की ते खुर्ची रुग्णाकडे वळवत आणि म्हणत, "आता मला सांग. समज, मी तुझ्याच पाड्यातला, मला काय ठाऊक नाय. हे लोक तुझं काय करणार?" मग, "बिघडलं तर काय होईल?" आणि शेवटी, "मधेच उतरायचं झालं तर?" माणसाने आपल्या शब्दांत उत्तरं दिली की काका म्हणत, "डबल." म्हणजे डबल बेल, गाडी सोडा. उत्तर अडखळलं की "सिंगल आहे अजून," आणि डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

एकदा तिसऱ्यांदा सांगताना डॉक्टर वैतागले. "काका, ही एसटी नाही."

"म्हणून तर," काका म्हणाले. "एसटीत चुकीच्या गाडीत बसलेला पुढच्या स्टॉपला उतरतो."

त्यांच्या एका नियमामुळे केंद्रातल्या लोकांनी त्यांना चिक्कू ठरवलं होतं. संमती होईपर्यंत रुग्णाला चहा द्यायचा नाही. या नियमाला मीच कारण होते. पहिल्याच वर्षी तलासरीकडून बुध्याबाबा नावाचे एक म्हातारे मधुमेहाच्या चाचणीसाठी आले. पहिल्या गाडीने निघालेले, पोटात काही नाही. मला वाईट वाटलं. मी त्यांना बसवलं, बिनसाखरेचा चहा दिला, बिस्किटं दिली, पंखा लावला. त्यांनी तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली, अंगठा दिला. काकांनी सही केली. संध्याकाळी दोघं एकाच थांब्यावर उभे होते. काकांनी सहज विचारलं, "बाबा, मनापासून आलास ना?" बुध्याबाबा म्हणाले, "त्या पोरीचा चहा पिलो. आता नाय कसा सांगू?"

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायच्या आत काका दारात हजर. "माझी सही मागे घ्यायची आहे."

सही अशी मागे घेता येत नाही हे मी त्यांना नियम दाखवून सांगितलं. "मग माणसाला परत बोलवा," ते म्हणाले. बोलावलं. बुध्याबाबांनी या वेळी मोकळेपणाने नाही म्हटलं आणि सुटल्यासारखे हसले. त्या दिवसापासून चहा सगळं झाल्यावर. हो म्हणणाऱ्याला चहा मी देत असे; नाही म्हणणाऱ्याला काका स्वतः उठून आणून देत, आणि त्याच्याबरोबर बसून पीत.

रुग्णाला नाही तर आपल्यालाही नाही, हेही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मधुमेहाच्या माणसाने असं उपाशी बसू नये हे त्यांना मी सांगायला नको होतं. एका उन्हाळ्यात डॉक्टर वॉर्डात अडकले आणि एका बाईची संमती दोन तास लांबली. शेवटी काकांनी लेखणी उचलली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हात थरथरत होता. साखर उतरली होती. मी धावत जाऊन ग्लुकोज आणलं. त्यांनी ते तोंडात टाकलं, पण लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "आत्ता मला कुणी माझं नाव शंकर आहे म्हणालं, तरी मी हो म्हणेन. तासाभराने सही." तासाभराने, जेवून, सगळं पुन्हा ऐकून त्यांनी सही केली. मी रागावले, "तुम्ही तरी खाऊन बसत जा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी असभ्य बोलले. "तिच्यासमोर?" एवढंच म्हणाले.

आता २०१७ सालच्या त्या दुपारबद्दल लिहायला हवं. इतके दिवस ते टाळत आले.

नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. धाकट्या डहाणूच्या हिराबाई तांडेल मासळीची टोपली घेऊन वर्षानुवर्षं काकांच्या गाडीने जायच्या. त्यांना स्तनाचा कॅन्सर होता, आणि तो पसरायला लागला होता. त्यांचे नेहमीचे उपचार चालू होते आणि काही झालं तरी चालूच राहणार होते. त्याच्या जोडीला एका नव्या इंजेक्शनची चाचणी चालली होती. निम्म्या रुग्णांना खरं इंजेक्शन, निम्म्यांना नुसतं सलाइनचं पाणी. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला, डॉक्टरांना, मला, कुणालाच कळणार नव्हतं. चाचणीत एकच जागा उरली होती आणि त्या दिवशी संध्याकाळी सहाला नोंदणी कायमची बंद होणार होती. हिराबाईंना ती जागा मिळावी असं डॉक्टरांना मनापासून वाटत होतं. मलाही. त्या औषधाबद्दल मी इतकं वाचलं होतं की ते मला जवळजवळ माझंच वाटू लागलं होतं.

म्हणून आदल्या दिवशी मी एक गोष्ट केली. वॉर्डात हिराबाईंच्या कॉटवर बसून काकांचे तिन्ही प्रश्न त्यांना सांगितले आणि उत्तरं पाठ करून घेतली. वेळ वाचेल, काकांची "सिंगल" यायला नको. हिराबाई हुशार. दोनदा म्हणून घेतलं आणि त्यांना घडाघडा आलं. मी शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सगळे बसलो. कॅमेऱ्याचा लाल ठिपका लागला. डॉक्टरांनी अर्धा तास सावकाश समजावलं. काकांनी खुर्ची वळवली. पहिलं उत्तर बरोबर आलं. दुसरंही. "मधेच उतरायचं झालं तर, हिरा?"

हिराबाई ताठ बसून म्हणाल्या, "मला कोणतंही कारण न देता चाचणीतून बाहेर पडण्याचा हक्क आहे आणि त्याचा माझ्या पुढील उपचारांवर कोणताही परिणाम होणार नाही."

काकांचा हात थांबला.

"हिरा, टोपली वर टपावर टाक म्हटलं की तू मला काय म्हणायचीस?"

"शिव्या द्यायची," हिराबाई म्हणाल्या.

"मग ही कोण बोलतेय? हे कोणी शिकवलं?"

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. माझे कान तापले. लाल ठिपका चालूच होता.

"काका, मी शिकवलं," मी म्हटलं.

"कळलं, पोरी." तोवर ते मला कायम मॅडम म्हणत.

डॉक्टर म्हणाले, "राऊतकाका, शब्द कुणाचेही असोत. त्यांना समजलंय."

"समजलं असेल. मला ते दिसलं नाही."

"पावणेपाच झालेत. सहाला दार बंद. तुमच्या एका सहीपायी ही बाई औषधाला मुकली तर?"

"औषधाला की पाण्याला, ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का?"

डॉक्टरांनी हातातले कागद टेबलावर ठेवले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना समोरची बाई वाचवायची होती. मी कॅमेऱ्याकडे गेले. "हे पुसून नव्याने घेऊ का?" काका म्हणाले, "पुसू नका. चूकही राहू दे त्यात. नवीन घ्या, पण हे ठेवून."

तेव्हा हिराबाई बोलल्या. घोकलेलं सगळं त्यांच्या तोंडून गळून पडलं होतं. "अहो कंडक्टर, तुम्हीच सांगा ना. नवरा दर्यात, दोन्ही पोरगे दर्यात. मी विचारू कोणाला? घेऊ का नको?"

"मला सांगता यायचं नाही."

"का पण?"

"मी साक्षीदार आहे, हिरा. मी सांगितलं तर माझी साक्ष गेली."

"मग कशाला बसलाय इथं, देवळातल्या कासवासारखे?" हिराबाईंचा आवाज फाटला. "वीस वर्षं तुमच्या गाडीने चिंचणीला गेले. पोट घेऊन उभी होते तेव्हा स्वतःची जागा दिलीत. आज मरायला टेकले तर तोंड उघडत नाय तुमचं?"

भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. काकांचा हात गुडघ्यावर पडला होता, एकही बोट हलत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, घडी केली, खिशात ठेवला आणि उठले.

"डॉक्टर, माझं नाव खोडा. मी आता साक्षीदार नाही. दुसरा माणूस बघा." मग हिराबाईंना म्हणाले, "चल, बाहेर बस."

मी धावले. ओपीडीत बोर्डीच्या शाळेतल्या एक शिक्षिका सासूला दाखवायला आल्या होत्या. त्यांना हात जोडले, काय करायचं ते सांगितलं. त्या कागद वाचू लागल्या. एकेक पान, उलटून, परत मागे जाऊन. मला ओरडावंसं वाटत होतं. खिडकीतून बदामाच्या झाडाखालचा बाक दिसत होता. काका काहीतरी बोलले. फार नाही, चार-पाच वाक्यं असतील. हिराबाई जमिनीकडे बघत होत्या. मग त्या उठल्या आणि एकट्याच आत आल्या. काका बाकावरच राहिले.

डॉक्टरांनी मला खोलीबाहेर उभं राहायला सांगितलं, आणि ते योग्यच होतं. दार उघडं होतं. सव्वापाचला त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी शिक्षिकाबाईंनी विचारलं, "तुम्हाला काय समजलं ते सांगता?"

"मासळीचे वाटे लावतात ना, तसं हाय," हिराबाई म्हणाल्या. "ज्याची चिठ्ठी निघेल त्याचा तो वाटा. खरी सुई का पाण्याची, ते डॉक्टरला पण ठाऊक नाय. ताप येईल, रक्त उतरेल. केस तर गेलेच. आणि मला कंटाळा आला की मी जाईन माझ्या घरी, कोणाच्या बापाची भीती नाय. इथली रोजची दवा मला तरी मिळणार."

"मग तुम्ही काय ठरवलंत?"

उत्तर काय यावं, हे मला आता ठरवता येत नव्हतं.

"घेते," त्या म्हणाल्या.

पावणेसहाला अंगठा झाला. सहाला आठ मिनिटं असताना मी नोंदणीचं बटण दाबलं. काकांना सांगायला बाहेर पळत गेले तर बाक रिकामा होता. ते गाडी पकडून निघून गेले होते.

त्यानंतर काका त्या खुर्चीवर बसले नाहीत. डॉक्टर दोनदा नरपडला जाऊन आले. दोन्ही वेळा काकांनी त्यांना चिकू देऊन वाटेला लावलं. "एकदा बाजू घेतली. आता माझ्या सहीला किंमत नाही," एवढंच कारण. मी माझी चूक लिहून दिली, मला लेखी ताकीद मिळाली, आणि ती मिळायला हवीच होती. पुढच्या वर्षी मी ते काम सोडलं आणि बोईसरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. इथे मला कुणाला काही शिकवावं लागत नाही.

काकांना शेवटचं भेटले ते यंदा, २०१९ मध्ये. त्यानंतर अकरा दिवसांनी ते गेले. मूत्रपिंडं थकली होती, पाय सुजलेले, अंगातला सदरा दुसऱ्याचा वाटावा इतका सैल. वाडीच्या फाटकाला धरून उभे होते. मला वाटलं, माझीच वाट बघतायत. पण मी आत येऊन ओट्यावर बसले तरी त्यांची नजर रस्त्याकडेच.

मी विचारलं, "काका, त्या दिवशी बाकावर तिला काय सांगितलंत?"

"नको म्हटलं."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "नको?"

"नको म्हटलं. रोजचे उपचार घे, हा वाट्यांचा खेळ तुला नको. मला भीती वाटली, पोरी. सख्खी बहीण असती तरी हेच सांगितलं असतं."

"मग?"

"मग काय? उठली, आत गेली आणि हो म्हणाली." ते थोडे हसले. "मला दुसऱ्या दिवशी डेपोत कळलं. घाम फुटला. तिने माझं ऐकलं असतं तर, याचा घाम. आणि ऐकलं नाही म्हणून पुढे काही झालं तर, याचाही. दर तीन महिन्यांनी तिचा रिपोर्ट असतो. तो कळेपर्यंत घास उतरत नाही."

"तिला सांगितलंत कधी?"

"वेडी आहेस? तिला वाटेल, म्हातारा अजून राजी नाही." ते पुन्हा रस्त्याकडे वळले. "आज आहे रिपोर्ट. अकराला इकडे येते म्हणाली होती."

साडेबारा वाजले होते. आजारपणासाठी वापीहून आलेल्या सुनेने आतून दोनदा जेवायला हाक मारली. ते फाटकावरून हलले नाहीत. मी आणखी अर्धा तास त्यांच्याजवळ उभी राहिले. एक रिक्षा आली आणि गेली, एक मोटरसायकल गेली, आणि प्रत्येक वेळी त्यांची मान लांब होऊन पुन्हा खाली आली. शेवटी मला निघावं लागलं. मी नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण डोळे माझ्यावर नव्हते.

रिक्षा वळणावर पोचली तोच समोरून हिराबाई येताना दिसल्या. डोक्यावर टोपली, आखूड पांढरे केस वाऱ्यावर. मी रिक्षा थांबवली.

"गो बाय, मॅडम तू? किती सुकलीस!"

"हिराबाई, रिपोर्ट?"

"आधी त्यांना, मग गावाला." त्या चालत राहिल्या. चार पावलं पुढे जाऊन मागे वळून म्हणाल्या, "आज बांगडे नाय आणले. पापलेट आणलंय. समज काय ते."

मी मागे पाहिलं. वळणावरून वाडीचं फाटक स्पष्ट दिसत होतं. काकांनी त्यांना पाहिलं होतं. ते वळले, सुजल्या पायांनी जमेल तेवढ्या घाईने ओट्यावरच्या खुर्चीत जाऊन पडले आणि पेपर उघडून तोंडासमोर धरला, जणू सकाळपासून तोच वाचत बसलेत. हिराबाई फाटकातून आत गेल्या. पेपर खाली झाला नाही. त्यांनी टोपली ओट्यावर उतरवली आणि सरळ तो पेपरच त्यांच्या हातातून ओढून घेतला.